प्रचार आणि शाहिरी : डाव्या चळवळीतील एका शब्दाचा इतिहास

मराठी समीक्षेत ‘प्रचारकी’ हे विशेषण निंदाव्यंजक ठरले, त्याला आता नव्वदएक वर्षे होत आली. एखाद्या कादंबरीला, कवितेला किंवा नाटकाला हा शब्द चिकटवला की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही, असा समज मधल्या काळात रूढ झाला. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतरच्या दशकात ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा वाद मराठी वाचकांना फडके-खांडेकर या जोडनावाने परिचित झाला. या वादाची आठवण आजही काढली जाते. पण वादाचे दोन्ही पक्ष एकाच दिवाणखान्यात बसलेले होते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. कलेने जीवनाकडे पाहावे की पाहू नये, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ज्यांच्या जीवनाकडे पाहावयाचे, त्यांच्याशी बोलावयाचे कसे आणि आजवर त्यांच्याशी कोण काय बोलत आले, हा प्रश्न त्या दिवाणखान्याबाहेर विचारला जात होता. लालजी पेंडसे यांनी १९३५ साली ‘साहित्य आणि समाजजीवन’ लिहून मार्क्सवादी विचार समीक्षेच्या प्रांगणात आणला, तेव्हा त्याची चर्चा थोडीबहुत झाली. मात्र या प्रश्नाचे खरे उत्तर ग्रंथांतून आले नाही. ते फडावर, गिरणीच्या दाराशी आणि खेड्यातल्या चावडीसमोर डफ-तुणतुण्यावर घडले. त्या उत्तराचा इतिहास यशाचा आहे, तसाच तो एका गंभीर पेचाचाही आहे.

‘प्रचार’ या शब्दाच्या वंशावळीकडे प्रथम पाहणे उपयोगी ठरेल. युरोपीय भाषांतील ‘प्रोपागांडा’ हा शब्द १६२२ साली पोप पंधरावा ग्रेगरी याने स्थापिलेल्या धर्मप्रसार-मंडळाच्या नावातून आला. त्याच्या सहा वर्षे आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले होते. परधर्माच्या प्रसारासाठी, हेतुपुरस्सर, स्थानिक श्रोत्यांच्या कानाला सवयीच्या असलेल्या ओवीत रचलेला हा ग्रंथ मराठी वाङ्मयेतिहासाने मानाने आपल्यात घेतला आहे. त्याच्या भाषेचे कौतुक करताना कोणी ‘प्रचारकी’ म्हणून नाक मुरडले नाही. कीर्तन, पुराण, भारूड यांचीही तीच गोष्ट. तेव्हा ज्या भाषेचे कितीतरी श्रेष्ठ वाङ्मय लोकांना काही पटवून देण्याच्या तळमळीतून जन्मले, त्या भाषेत प्रचार आणि साहित्य यांचे वैर स्वभावसिद्ध मानणे इतिहासाला धरून नाही. वैर उत्पन्न झाले ते प्रचार करणारा हात बदलला तेव्हा.

हा हात बदलण्याची सुरुवात जोतीराव फुले यांच्यापासून होते. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ते अप्रकाशित राहिले. नाटकाची रचना साधी आहे. गरोदर शेतकरीण, तिचा नवरा, ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी, त्याचे म्हणणे खोडून काढणारा पाद्री, आणि या सर्वांवर भाष्य करणारा विदूषक. शेवटी जोडपे रात्रशाळेत शिकावयास जाते. कलाकृती म्हणून या नाटकात उणिवा पुष्कळ आहेत. पाद्र्याची भाषणे लांबतात. आणि सत्य सांगण्याचे काम परक्या धर्मोपदेशकाकडे सोपवणे नंतरच्या वाचकाला खटकते. परंतु त्यातील एक अंतर्दृष्टी असामान्य आहे. जोश्याजवळ लाठी नाही, शिपाई नाही, कर्जाचा कागदही नाही. आहे ती फक्त भाषा. ग्रह, नक्षत्र, अनुष्ठान या शब्दांच्या बळावर तो उपाशी घरातून धान्य आणि तूप बाहेर काढतो. आणि घरातली माणसे ते स्वेच्छेने, किंबहुना कृतज्ञतेने देतात. सत्ता नेहमी दंडाने चालत नाही, ती संमतीने चालते आणि ती संमती रोजच्या बोलण्यातून घडवली जाते, हा विचार विसाव्या शतकात इटलीच्या तुरुंगात आंतोनिओ ग्राम्शी याने आपल्या टिपणवह्यांत मांडला. फुल्यांनी सिद्धान्त मांडला नाही. त्यांनी तो प्रसंग रंगवला. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी याच दृष्टीने अवतारकथा उलट्या वाचल्या आणि ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. जोश्याचे बोलणे हाच प्रचार आहे, फक्त तो इतका जुना झाला आहे की प्रचार म्हणून ओळखू येत नाही, हे ज्याला कळले त्याला ‘मी प्रचार करीत नाही, केवळ सत्य सांगतो’ असे म्हणण्याची गरज उरत नाही. प्रतिप्रचार करावा लागेल, हे तो उघड मान्य करतो.

सत्यशोधक समाजाच्या (१८७३) पुढच्या पिढ्यांनी हा प्रतिप्रचार वृत्तपत्रांतून केला. ‘दीनबंधू’ १८७७ साली निघाला, मुकुंदराव पाटलांचा ‘दीनमित्र’ १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालला. पण वाचणारे किती होते? म्हणून जलसा निघाला. तमाशाचा साचा तसाच ठेवून आतला मजकूर बदलण्याची ही युक्ती होती, आणि युक्ती म्हणूनच तिच्याकडे पाहिले गेले. तिच्यातील कलात्मक निर्णयाची दखल कोणी घेतली नाही. गण म्हणावयाचा, पण त्यातला गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पती असा अर्थ लावून. गवळणीतला शृंगार काढून टाकावयाचा. सोंगाड्याची थट्टा मात्र जशीच्या तशी ठेवावयाची, फक्त तिचा रोख भटजी आणि सावकार यांच्यावर फिरवावयाचा. रूप ओळखीचे असल्याने प्रेक्षक निःशंक बसतो, आणि ओळखीच्या जागी अनोळखी शब्द आला की दचकतो. हा दचका हेच जलशाचे सामर्थ्य होते. पुढे आंबेडकरी चळवळीने जलसा उचलला. १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी तो वस्त्यावस्त्यांतून घेऊन गेले, तेव्हा या दचक्याला आणखी एक परिमाण आले: ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी ढोलकी वाजवली, ते आता स्वतःच्या लोकांसमोर, स्वतःविषयी बोलत होते.

कम्युनिस्ट चळवळ मुंबईत उभी राहिली ती या परंपरेच्या शेजारी, तिच्यातून नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे. श्रीपाद अमृत डांगे यांची ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका १९२१ सालची. ती इंग्रजीत होती. १९२७ मध्ये ‘क्रांति’ हे मराठी साप्ताहिक निघाले, १९२८ च्या दीर्घ संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली. या मंडळींनी प्रचाराचा विचार रशियन ग्रंथांतून घेतला. लेनिनने १९०२ मध्ये प्लेखानोव्हच्या आधारे एक भेद केला होता: थोड्या लोकांना अनेक विचार समजावून देणारा तो एक, आणि पुष्कळ लोकांच्या मनात एकच विचार पेटवणारा तो दुसरा. पहिल्याचे काम विवेचनाचे, दुसऱ्याचे चेतवणीचे. मराठीत या दोन्ही कामांना एकच शब्द पडला, ‘प्रचार’. शब्द एकच असल्याने भेद बुजला, आणि भेद बुजल्याने एक घोटाळा कायमचा राहिला. वर्गात बसून अर्थशास्त्र शिकवणारा अभ्यासू कार्यकर्ता स्वतःला विवेचक समजे आणि शाहिराला चेतवणीदार. विचार पक्षाच्या कार्यालयात तयार होणार आणि शाहीर त्याला चाल लावणार, अशी श्रमविभागणी न सांगता रूढ झाली. ज्या चळवळीने डोक्याच्या आणि हाताच्या कामातील भेद मिटवण्याचा संकल्प सोडला होता, तिच्याच घरात हा भेद नांदत होता.

फुल्यांची दृष्टी शेजारीच असताना ती न घेतल्याचा परिणाम १९२८ च्या संपातच दिसला. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना काम मिळत नसे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळाचा प्रश्न पुढे केला जाई. हे खाते अधिक पगाराचे. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न धसास लावला, तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांची अडचण झाली. कामगारांच्या एकजुटीच्या घोषणेखाली ज्या गोष्टीविषयी बोलावयाचे राहून गेले, तीच गोष्ट एका मोठ्या समूहाच्या दृष्टीने दडपणुकीचा गाभा होती. प्रचार खोटे सांगून फसवतो असे सामान्यतः मानले जाते. पण चळवळीच्या प्रचाराचा मोठा दोष खोटेपणात नसून मौनात असतो. कोणत्या अन्यायाला नाव द्यावयाचे आणि कोणत्याला ‘नंतर पाहू’ म्हणावयाचे, हे ठरवण्यात असतो. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत असलेले रा. भि. मोरे पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि आयुष्यभर हे मौन मोडण्याचा प्रयत्न करीत राहिले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला, हा या शेजाराचा उजळ क्षण. तो टिकला नाही.

या पार्श्वभूमीवर लाल बावटा कलापथकाकडे पाहिले पाहिजे. जुलै १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरील बंदी उठली. मे १९४३ मध्ये मुंबईत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजेच ‘इप्टा’ची, स्थापना झाली. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. १९४४ मध्ये कलकत्त्यात बिजन भट्टाचार्यांचे ‘नवान्न’ रंगभूमीवर आले. आंध्रात बुर्रकथा, महाराष्ट्रात पोवाडा आणि तमाशा, असा प्रत्येक प्रांत आपापल्या लोकरूपाकडे वळला. १९४४ मध्येच अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघांची घडण निराळी. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी मातंग कुटुंबात १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ शाळेत जवळजवळ गेलेच नाहीत. अक्षरे त्यांनी मुंबईच्या कामगारवस्तीत गाठली. बार्शीचे अमर शेख यांचा आवाज मैदान भरून टाकणारा. तमाशाचे अंग अण्णा भाऊंच्या हाडात होते, आणि त्यांनी त्यात जे फेरफार केले ते बाहेरून आलेल्या सुधारकाचे नव्हते. गणेशवंदनेच्या जागी मायभूमी व शिवराय यांना वंदन आले, गवळण गळाली, वगाच्या मध्यभागी राजा आणि प्रधान यांच्याऐवजी शेतकरी, सावकार, उमेदवार, मंत्री आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत.

अण्णा भाऊंचे नाव प्रथम गाजले ते १९४३ च्या ‘स्टॅलिनग्राडच्या पोवाड्या’ने. या रचनेचा विचार दोन बाजूंनी केल्याशिवाय तिला न्याय मिळत नाही. एका बाजूने पाहता ती विलक्षण आहे. गडाचा वेढा, मावळ्यांची चिकाटी, शत्रूची अफाट फौज हे सारे पोवाड्याच्या श्रोत्याला तोंडपाठ. त्याच चौकटीत व्होल्गाकाठचे एक कामगारांचे शहर आणून बसवणे, आणि परळ-लालबागच्या माणसाला ते आपलेच वाटावे असे करणे, हे काम केवळ पक्षाच्या आदेशाने होत नसते. दुसरी बाजू अधिक अवघड आहे. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर पक्षाने युद्धाला लोकयुद्ध ठरवले, आणि ऑगस्ट १९४२ च्या ‘छोडो भारत’ लढ्यापासून तो दूर राहिला; त्याच्या मराठी मुखपत्राचे नावच ‘लोकयुद्ध’ होते. याच काळात सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा वाळवे तालुका मोडत असे, नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. १९४३ पासून १९४६ पर्यंत शेकडो खेड्यांत लोकन्यायालये, तुफान सेना, सावकारांना शासन अशी प्रतिसत्ता चालली. ज्या मातीतून शाहीर आला, त्या मातीत शेतकऱ्यांची पोरे हातात बंदूक घेऊन राज्य चालवीत होती. आणि शाहिराचा गाजलेला पोवाडा मात्र हजारो मैलांवरच्या वेढ्याचा होता.

एवढ्यावरून अण्णा भाऊंना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. फॅसिझमचा पाडाव ही काही काल्पनिक गरज नव्हती. स्टॅलिनग्राड पडते तर जगाचा इतिहास बदलता, हे आज त्या पक्षाचे विरोधकही नाकारणार नाहीत. पण पेच खरा आहे. मुक्तीच्या चळवळीचा प्रचार जेव्हा लोकांच्या प्रत्यक्ष चाललेल्या लढ्याहून पक्षाच्या निष्कर्षाला अधिक बांधील होतो, तेव्हा तो कितीही सत्य असला तरी वरून खाली येतो; जोश्याच्या बोलण्याची दिशाही हीच होती. सातारच्या लढ्याला स्वतःचे शाहीर मिळाले, शाहीर निकम हे त्यांतले ठळक नाव. आणि इतिहासाचा विनोद असा, की खुद्द नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात आले. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून ते त्याच पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले. ज्या चौथऱ्यावरून त्यांच्या लढ्याविषयी मौन पाळले गेले होते, त्याच चौथऱ्यावरून ते ग्रामीण महाराष्ट्राला हसवीत आणि पेटवीत राहिले.

पेचाची दुसरी बाजू, म्हणजे प्रचार खालून वर कसा जातो याची, ठाणे जिल्ह्यात दिसली. डहाणू-उंबरगाव भागातील वारली जमीनदारांच्या वेठीत होते. लग्नासाठी कर्ज घेतले की नवरा आणि नवरी दोघेही धन्याकडे बांधले जात. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची स्वतःची परिषद भरली, आणि वेठ व लग्नगडी पद्धत काही महिन्यांतच कोलमडू लागली. छापील पत्रक येथे निरुपयोगी होते. निरोप तोंडी जात, पाड्यावरून पाड्यावर. गोदावरी परुळेकरांनी हा सारा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात सांगितला आहे; त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रचार आणि साहित्य यांच्यात भिंत उभी करणाऱ्यांना हे पुस्तक मोठी अडचण आहे, कारण ते प्रचारिकेनेच लिहिले आहे आणि त्यातील सर्वांत चांगली पाने प्रचार कसा करावा लागला याच्याच वर्णनाची आहेत. शहरातून आलेल्या शिकलेल्या बाईला आपली भाषा टाकून द्यावी लागते. ‘शोषण’ म्हणून चालत नाही, धन्याच्या खळ्यावरची आजची गोष्ट सांगावी लागते. आणि ती सांगण्याआधी पुष्कळ दिवस ऐकावे लागते.

त्याच चळवळीत तलवाड्याचा प्रसंग घडला. तोंडी निरोपावर विसंबणाऱ्या लोकांच्या याच सवयीचा उपयोग जमीनदारांनी करून घेतला. बाईंच्या जिवाला धोका आहे, सभेसाठी तलवाड्याला जमा, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांतून फिरवण्यात आला. दुसरीकडे वारली दंगा करण्यासाठी जमत असल्याची वर्दी पोलिसांना गेली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. प्रचाराच्या साधनांवर कोणाचाही कायमचा हक्क नसतो, याचे याहून दारुण उदाहरण सापडणे कठीण. निरोप तोच, वाट तीच, विश्वासही तोच. बोलणारा तेवढा बदललेला. पुस्तकातील हा भाग वाचताना जाणवते ते हे, की लेखिका त्या लोकांना भोळे म्हणून त्यांची कीव करीत नाही. जिच्यासाठी ते धावले तिच्यावरचा त्यांचा विश्वास हा त्यांचा दोष नव्हता. आणि त्या गोळीबाराने चळवळ मोडली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

सरकारने या शाहिरीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे थोडक्यात सांगता येईल. स्वातंत्र्यानंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात पक्षाने उठावाचे धोरण घेतले, पूरनचंद जोशी जाऊन बी. टी. रणदिवे आले, धरपकड सुरू झाली. मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. तिच्या समर्थनार्थ अश्लीलतेचे कारण पुढे केले गेले, तरी राजकीय वगांची झळ त्यामागे नव्हती असे मानणे कठीण आहे. तमाशाला ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ होण्यामागे या बंदीचा मोठा भाग आहे. देशभर हीच कथा होती. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी आणला होता, तो स्वतंत्र भारतात तसाच राहिला. १९५३ मध्ये लखनौच्या इप्टाने प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’वरचे नाटक केले, त्यावर या कायद्याखाली खटला झाला. जत्रेत खेळणे न घेता आजीसाठी चिमटा घेणाऱ्या पोराची ही गोष्ट राज्याला धोकादायक वाटावी, हे त्या काळाचे एक लक्षणच. १९५६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो कायदा घटनेशी विसंगत ठरवला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला मात्र २०१८ मध्ये.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात कलापथकाच्या शाहिरांना सर्वांत मोठा श्रोतृवर्ग मिळाला. ‘माझी मैना’ ही अण्णा भाऊंची छक्कड त्या काळची. पोटासाठी मुंबईत आलेला मजूर आणि गावी राहिलेली त्याची मैना, या विरहाच्या जुन्याच सुरात शहराची उपेक्षा, चाळीतली वणवण आणि शेवटी तुटून राहिलेला बेळगाव-कारवार-निपाणीचा मुलूख हे सर्व एकात एक मिसळते. येथे प्रचाराला चाल लावलेली नाही. अनुभवातूनच अर्थ वर येतो. कलादृष्ट्या हे त्या शाहिरीचे शिखर मानले तर ते गैर ठरणार नाही. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. मैनेच्या विरहाचे कारण गिरणीची व्यवस्था आणि गावची उपासमार होती. भाषिक राज्याच्या स्थापनेने ती दोन्ही जाणार नव्हती. आंदोलनाच्या लाटेत वर्गाचा सूर भाषेच्या सुरात विरघळला, आणि १ मे १९६० रोजी राज्य मिळाल्यावर शाहिरांजवळ मैदान उरले, पण लढा उरला नाही. साखर कारखाने, जिल्हा परिषदा, नवे पुढारी यांनी खेड्यातली भाषा ताब्यात घेतली. तिच्यात शाहीर, पोवाडा, शेतकरी हे शब्द अधिकच मुबलक झाले.

जातीविषयीचे मौन मात्र अण्णा भाऊंनी स्वतःच मोडले होते. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनपर भाषणात त्यांनी पृथ्वी कोणाच्या आधारावर उभी आहे या पुराणकल्पनेलाच हात घातला आणि तो आधार दलित-श्रमिकांच्या तळहातांकडे दिला. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पक्षात राहून त्यांनी हे केले. पक्षाच्या सिद्धान्तकारांनी त्याचा अर्थ लावण्याचा फारसा प्रयत्न केला नाही. बाबूराव बागुलांच्या कथांनी आणि नंतर दलित पँथरने (१९७२) तो आपल्या पद्धतीने लावला. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात भूमिहीन, कामगार, स्त्रिया सर्वांना घेतले गेले, आणि याच व्याप्तीवरून राजा ढाले व नामदेव ढसाळ यांच्यात फूट पडली. एकाला तीत मार्क्सवादाचा शिरकाव दिसला, दुसऱ्याला चळवळीची वाट. १९२८ च्या विणकाम खात्यातला प्रश्न ४५ वर्षांनी, नव्या शब्दांत, तसाच समोर उभा होता. मार्क्सवादी समीक्षेच्या बाजूने शरच्चंद्र मुक्तिबोधांनी ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ (१९७८) मध्ये कलामूल्य आणि मानुषता यांचा संबंध नव्याने बांधण्याचा कसोशीने प्रयत्न केला. पण फडावरची शाहिरी त्याही ग्रंथाच्या परिघाबाहेरच राहिली.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, अमर शेख त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला. पुढे राज्य शासनाने अण्णा भाऊंचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले, २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. तोपर्यंत ज्या सोव्हिएत संघाचा पोवाडा त्यांनी गायला, तो लयास जाऊन तीस वर्षे लोटली होती. जयंतीच्या मिरवणुकांत आज त्यांची तसबीर सर्व पक्षांच्या फलकांवर असते, आणि बहुधा जातीच्या अभिमानाची खूण म्हणूनच. छापील संग्रहात त्यांचे वग वाचता येतात, पण वग पूर्ण लिहिलेला नसतो. सोंगाड्याने त्या रात्री, त्या गावी, समोर बसलेल्या सावकाराकडे पाहून काय म्हटले, हे कोणत्याही संहितेत नाही. पोलिसांचे टिपणकार त्या काळी सभांना हजर राहून भाषणे उतरवून घेत. त्या टिपणांत पुढाऱ्यांचे शब्द सापडतात. सोंगाड्याचा वाटा तेथेही बहुधा एका कोरड्या नोंदीपुरताच उरतो, आणि लोक कशाला हसले ते लिहिलेले नसते.